दोन घरची दारू

माझं लग्न दारूवर अडलं होतं. कुणाच्या पिण्यावर नाही, मारझोडीवर नाही, तशी तर पुष्कळ अडतात. माझं अडलं ते दोन घरची दारू एका भांड्यात नीट मिसळली नाही म्हणून. हे सांगितलं की नातवंडं खिदळतात. खिदळू देत. तेव्हा ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती.

आमचं गाव कटंगीजवळचं. घरची मंडळी मूळची भंडाऱ्याकडची, धानाच्या शेतीपायी कधीतरी इकडे आली आणि इथलीच झाली. पुढे नागपूर-भंडारा तिकडच्या राज्यात गेले, आम्ही इकडच्या राज्यात राहिलो. शाळेत हिंदी, घरात मराठी आणि भांडताना दोन्ही. जंगलाकडच्या गोंड शेजाऱ्यांच्या बऱ्याच रीती आमच्या अंगवळणी पडल्या होत्या, त्यातलीच ही एक. मुलगामुलगी पसंत पडली, देण्याघेण्याचं बोलणं झालं, तरी ते सगळं तोंडी. खरं ठरायचं ते ‘पक्की’च्या बैठकीला. त्या दिवशी दोन्हीकडचे लोक आपापल्या घरची मोहाची दारू घेऊन समोरासमोर बसायचे. मधे चिंचेनं घासून लख्ख केलेला पितळी गंज, म्हणजे मोठं पातेलं. वाळल्या भोपळ्याची एक तुमडी मुलीकडची, एक तुमडी मुलाकडची, असं सारख्या मापानं त्यात ओतायचं. मग मुलाकडचं सगळ्यात वडील माणूस गंजात डोकावणार. तळ लख्ख दिसला की म्हणायचं, “दिसला.” मग पळसाच्या दोन्यांमधून सगळ्यांनी ती प्यायची, दोन थेंब भुईला द्यायचे. त्यानंतर मागं फिरायचं नाही. जो फिरेल त्याच्या घरी पुन्हा कोणी सोयरीक करायचं नाही.

तळ दिसला नाही तर काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तसं कधी झालेलंच नव्हतं. मोहाची दारू पाण्यासारखी स्वच्छ असते. पाण्यात पाणी ओतलं तर गढूळ कशाला होईल?

दारू काढायची बायांनी. माझी माय त्या कामात पंचक्रोशीत नावाजलेली होती. घरच्या भट्ट्या पकडायला सरकारी दारूच्या ठेक्याची माणसं फिरत असत, म्हणून तिची भट्टी नाल्याकाठी करंजाच्या झाडाआड लागायची. वाळलेली मोहफुलं मडक्यात भिजत घालायची. ती आंबून वर फेस आला की ते मडकं चुलीवर चढवायचं, तोंडावर दुसरं मडकं उपडं घालून सांधा माती आणि ओल्या चिंधीनं लिंपायचा. वरच्या मडक्यातून बांबूची नळी काढून ती गार पाण्यात ठेवलेल्या तिसऱ्या मडक्यात सोडायची. वाफ नळीतून जाता जाता थंड होते, आधी थेंब पडतात, मग धार लागते. पहिली धार सगळ्यात कडक. पुढे ती मऊ होत जाते आणि शेवटी नुसतं मोहाच्या वासाचं पाणी येतं. पुष्कळ बाया सगळं एकाच मडक्यात धरतात. माय तसं करत नसे. पहिली धार ओसरली असं वाटलं की ती खालचं मडकं झटकन बदलायची. पहिलं पाहुण्यांसाठी आणि लग्नकार्यासाठी, नंतरचं धानाच्या रोवणीच्या मजुरांसाठी. दोन थेंब ती विस्तवावर शिंपडायची. निळी ज्योत उठली नाही तर दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

“कडक नाई तं काढाची काहून?” ती म्हणायची. “पानी तं विहिरीत बी हाय.”

लग्नसराईत लांबलांबच्या गावांहून बाया तिला भट्टी लावायला बोलवायला येत. तिला तो मान आवडायचा. आमच्याकडे तिला मिरवायला दुसरं काही नव्हतं. दागिने नव्हते, शेत बेताचं, आणि एकुलती एक मुलगी म्हणजे मी, तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. मला पाहायला आलेल्या एका मुलाच्या काकानं मला अंगणात चालून दाखव म्हटलं. मी चालले आणि म्हटलं, “आता तुमी चाला.” ती सोयरीक तिथेच संपली. दुसरे एक आले होते ते माझी ही गोष्ट ऐकून परस्पर परतले. माझ्या वयाच्या मुलींच्या कडेवर एकेक, पायाशी एकेक झालं होतं, आणि मी अजून मायबरोबर कटंगीच्या बाजारात वांगी विकत होते.

तो मला त्या बाजारातच भेटला. तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत हजेरी घ्यायच्या कामावर होता, गाव लामत्याकडचं. दर बाजाराला यायचा आणि माझ्याकडूनच वांगी घ्यायचा. खाणीच्या खोल्यांत एकटा राहणारा माणूस एवढ्या वांग्यांचं करतो काय, असं मला वाटायला लागलं. एकदा विचारलंच.

“इतके वांगे खाता का वाटता?”

“खानावळीत देऊन टाकतो,” तो म्हणाला. “मले वांगे आवडत नाई.”

एवढं बोलून तो कानापर्यंत लाल झाला आणि पिशवी तिथेच विसरून गेला. माय शेजारी बसली होती. तिनं काही विचारलं नाही, फक्त पुढच्या बाजाराला मला नवं लुगडं नेसायला लावलं. मग त्याच्या घरून निरोप आला, बाबा लामत्याला जाऊन आले आणि पक्कीची बैठक ठरली. मी देवाला, कधी नव्हे ते, मनापासून हात जोडले. मला तो हवा होता. आणि खरं सांगायचं तर मला त्या अंगणातूनही सुटायचं होतं. माझ्या पायाला भिंगरी होती आणि फिरायला जागा तेवढी विहीर ते चूल.

ती मंडळी लामत्याहून अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीनं बालाघाटला आली, तिथून दुसऱ्या छोट्या गाडीनं कटंगीला आणि मग बैलगाडीनं आमच्याकडे. त्याला आई नव्हती. वडील होते, आणि वडिलांची थोरली बहीण. ही आत्याबाई लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली, घर तिच्याच हातात. तिनं दारूचं मडकं सगळ्या प्रवासभर मांडीवर धरून आणलं होतं. उतरल्यावरही तिनं ते कुणाच्या हातात दिलं नाही. लामत्याकडच्या जंगलातली रीत वेगळी होती. मंद आच, दिवसभराचं काम, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंतची सगळी धार एकाच मडक्यात, मग गढूळपणा खाली बसेपर्यंत ती बरेच दिवस निवत ठेवायची. गोडसर, मऊ, मोहफुलांच्या वासाची. ती अभिमानानं सांगत होती की तिच्या हातची दारू पिऊन आजवर कुणी भांडला नाही. माय आतल्या खोलीत माझ्या कानाशी पुटपुटली, “भांडाले ताकद लागते.”

मी दाराच्या फटीला डोळा लावून उभी होते. बाबांनी मायची दारू तुमडीनं गंजात ओतली. पितळ खालून लखलखत होतं. मग त्याच्या वडिलांनी आत्याबाईची तुमडी घेतली आणि ओतली.

गंजातलं पांढरं झालं.

तांदळाचं धुवण असतं तसं. बघता बघता तळ गेला. आत्याबाई वाकली, डोळे बारीक करून परत वाकली.

“तळ नाई दिसत,” ती म्हणाली.

“बसू द्या जरा,” बाबा म्हणाले. “बसंल खाली.”

सगळे बसले. ते काही खाली बसलं नाही. तांदूळ शिजले होते, कोंबडी शिजली होती, माझ्या हातच्या वड्यांचा वास सगळ्या घरात भरला होता. त्याच्या वडिलांनी उठून उपरणं खांद्यावर टाकलं. “पाहू मंग,” म्हणाले. जेवले नाहीत. आमच्याकडे न जेवता उठणं म्हणजे काय ते सांगायला नको. तो शेवटी उठला. दाराकडे एकदा बघितलं आणि निघाला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की माझी पक्की फाटली. दूध फाटतं तशी. दोन घरं एकमेकांत मिसळायला तयार नाहीत, हे दारूनं सांगितलं. आता लामत्याचं मोडलं तर दुसरीकडचं जुळणंही कठीण, कारण गंज पांढरा झालेल्या मुलीला कोण विचारणार? बाबा म्हणाले, नशिबात नाही. माय आपल्या मडक्याचा आणि त्या गंजाचा वास घेऊन घेऊन बघत बसली.

मला बसवेना. घरात थांबलं की भिंती अंगावर यायच्या, बाहेर गेलं की बायांच्या नजरा. गरज नसताना मी विहिरीवर जायचे. भरलेला घडा ओतून पुन्हा भरायचे. दळलेलं पीठ पुन्हा चाळायचे. तुमसरची मोटर जायच्या वेळी काही ना काही निमित्त काढून सडकेपर्यंत जायचे, जसा काही तो त्या मोटरीतून उतरून मला घेऊनच जाणार होता. मग वैतागून परत यायचे आणि मायवर ओरडायचे. ती उलट ओरडायची नाही, त्यानं आणखी चीड यायची.

एका दुपारी मायबाबा लाखोळीचं पीक उपटायला शेतात गेले होते. पक्कीसाठी काढलेल्यातली उरलेली मायची दारू कोनाड्यात तशीच होती. ते मडकं दिसलं आणि माझं डोकं फिरलं. हिच्यापायीच सगळं झालं, असं म्हणत मी ती अंगणात फेकायला निघाले. मडकं जड होतं, म्हणून आधी थोडी पायरीवरच्या लोट्यात ओतली. लोट्यात तळाशी विहिरीचं पाणी उरलेलं होतं.

लोटा पांढरा झाला.

मी वाकले. पुन्हा बघितलं. दुसऱ्या लोट्यात स्वच्छ पाणी घेतलं, त्यात मायची पहिल्या धारेची ओतली. तेच धुवण. मग मजुरांसाठी ठेवलेली नंतरच्या धारेची आणली. ती पहिल्या धारेच्या दारूत ओतली, तरी पांढरं. आमच्याच घरची, एकाच भट्टीची, आणि एकमेकींशी पटेना! मग ती मऊ दारू नुसत्या पाण्यात ओतली. स्वच्छ. तळ दिसत होता. मी एकटीच अंगणात बसून मोठ्यानं हसले, आणि हसता हसता रडायला लागले. घरंबिरं काही नव्हतं. नशीबही नव्हतं. एक कडक होती आणि एक मऊ, एवढंच झालं होतं.

एका लोट्यात कडक, एका लोट्यात मऊ घेऊन मी शेताकडे पळाले. अर्धी वाटेत सांडली. मायच्या पुढ्यात बांधावर सगळं पुन्हा करून दाखवलं. तिनं लोट्यात बोट बुडवून चाखलं.

“म्हंजे माही दारू खराब?”

“खराब नाई वो माय. कडक हाय. त्यायची मऊ हाय. कडक अन् मऊ एकत्र केली का असंच होते.”

बाबांना मी म्हटलं, जा आणि लामत्याला सांगून या. त्यांनी हातातली लाखोळी खाली ठेवली. “काय सांगू? तुमची दारू पानचट हाय म्हनून तळ गेला? पोरीच्या बापानं जाऊन असं सांगाचं? अन् त्या बुढीपुढं?”

त्यांचं खरं होतं. आत्याबाईनं ते मडकं मांडीवर धरून आणलेलं मी पाहिलं होतं. मग एकच वाट उरत होती, आणि ती मीच बोलून दाखवली. पुन्हा बैठक झालीच तर मायनं आपलीही मऊ काढावी. सगळी धार एकाच मडक्यात, आणि त्यांच्यासारखी निवळेपर्यंत निवत ठेवलेली.

मायनं माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले. “माह्या पोरीच्या पक्कीले मी पानी ठिवू? दोन्ही गावचे लोक पिनार. का म्हनतीन?”

“म्हनतीन ते म्हनतीन,” मी म्हटलं. “तुले दारूचं पडलं, अन् माहं?”

ती परत लाखोळी उपटायला लागली. पुढे कितीतरी दिवस आम्ही एका ताटलीत जेवलो, पण ती माझ्याशी बोलली नाही. मला राग होता आणि लाजही वाटत होती, आणि त्या दोन्हींपेक्षा मोठी भीती होती की तो आता बाजाराला येणारच नाही.

तो आला. खाली मान घालून उभा राहिला. “घरी भांडलो,” म्हणाला. “आत्याले मनवलं. एक बैठक अजून, होळीच्या आंधी. याबारी बी तळ नाई दिसला तं मंग बाबूजी आयकनार नाई.” मग थोडं थांबून, “वांगे कसे देल्ले?”

एरवी मी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी टोपलीतली सगळी वांगी त्याच्या पिशवीत कोंबली. लोट्याचं सगळं त्याला सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण तो सरळ माणूस, घरी जाऊन आत्याबाईला खरं सांगून मोकळा झाला असता. मी जीभ चावून गप्प बसले. घरी आल्यावर मायच्या पाठीला तोंड करून म्हटलं, होळीच्या आधी बैठक आहे. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मोहफुलं तिनं भिजत घातली. भट्टी लावायच्या दिवशी लाकडं घेऊन मीच बरोबर गेले. सांधा लिंपला, नळी बसवली, जाळ लावला. थेंब पडायला लागले, मग धार लागली. मायनं नेहमीसारखे दोन थेंब विस्तवावर शिंपडले. निळी ज्योत हातभर उठली. इतकी चांगली उतरलेली मी क्वचित पाहिली होती. दुसरं रिकामं मडकं तिच्या उजव्या हाताशी तयार होतं, सवयीनं आणलेलं. मला एका जागी उभं राहवेना. मी नाल्यापर्यंत जात होते, परत येत होते. ती काय करणार हे मला कळत नव्हतं आणि विचारायची छाती नव्हती.

पहिली धार ओसरली. मायचा हात मडक्याकडे गेला. मडक्याच्या काठावर तो हात तसाच राहिला. धार पडत होती, मऊ होत होती, आणि सगळी त्याच मडक्यात जात होती. तिनं हात काढून घेतला आणि पदरानं तोंड पुसलं.

“लाकूड ढकल आत,” ती म्हणाली. “पाहून काय राह्यली?”

त्या दिवसांतलं तिचं माझ्याशी तेवढंच बोलणं. शेवटचं पाणी उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग मडकं घरी आणून, गढूळपणा खाली बसावा म्हणून, तिनं ते बैठकीपर्यंत निवत ठेवलं.

दुसऱ्या बैठकीला दाराच्या फटीतून बघायची माझ्यात ताकद नव्हती. मी चुलीपाशी बसून कान टवकारले होते. ओतल्याचा आवाज आला, मग पुन्हा ओतल्याचा. मग काहीच नाही. मला वाटलं, संपलं.

“दिसला,” आत्याबाई म्हणाली. “सुपारी टाकली तं मोजता येईन.”

घरात एकच गलका झाला. पत्रावळी हालल्या, दोने भरले. मी गुडघ्यांत डोकं घालून बसले होते, कुणीतरी पाठीवर थाप मारली, तेव्हा उठून दाराच्या फटीला डोळा लावला. बाहेर सगळ्यांनी घोट घेतला. बाबांनीही घेतला, आणि त्यांचं तोंड एकदम असं झालं की जसं कुणी ओळखीचं माणूस समजून अनोळख्याला हाक मारावी. त्यांनी दोना खाली ठेवला. त्याचे वडील मात्र बोलले. आता मन मोकळं झालं होतं, थट्टेची वेळ होती.

“इहीनबाईचं लई नाव आयकलं होतं,” ते म्हणाले. “हे तं नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. आमची बहीन यापेक्षा कडक काढते!”

हास्याचा फवारा उडाला. दोन्ही गावची माणसं हसली. आमच्या गावचे, मायच्या हातची पिऊन मोठे झालेले, तेही हसले. माय दारात उभी होती. पदर तोंडाशी धरून तीही हसली.

“घाई झाली जी,” ती म्हणाली.

माझं लग्न झालं. होळीनंतर, मोह गळायला लागला त्या दिवसांत. मी लामत्याला आले. खाणीत त्याला बायको ठेवण्याजोगी खोली मिळेपर्यंत मी सासरीच राहायचं ठरलं होतं. तो सुटीला यायचा, पिशवीत वांगी घेऊन, मला चिडवायला. आत्याबाई कडक होती पण दुष्ट नव्हती. मामाजी, म्हणजे सासरे, दिलखुलास माणूस. माझ्या तोंडाळपणाचं त्यांना कौतुकच होतं. मला काही कमी नव्हतं. फक्त दर चार माणसांच्या बैठकीत ते ती गोष्ट सांगायचे. सोनूबाई आणि कथलाचा वाळा. नवा पाहुणा आला की नव्यानं. लोक माझ्याकडे बघून हसायचे, मी भाकरी थापत राहायचे, आणि भाकरी तव्यावर जाण्याआधीच फाटायची.

मी नवऱ्याला सांगितलं. सगळं, लोट्यापासून. तो ऐकून गंभीर झाला. “आता कोनाले नको सांगू,” म्हणाला. “आत्याले समजलं तं म्हनन, फसवून तळ दाखवला. पक्कीच खोटी होती म्हनन.” मग म्हणाला, “दारूच तं होती.”

माहेरी गेले तेव्हा बाकीचं कळलं. मला वाटलं होतं, मायनं एक वेळ माझ्यासाठी केलं, आता ती पुन्हा पहिल्यासारखी काढत असेल. ती काढत नव्हती. बाबा सांगायला लागले. पक्कीनंतर गावातल्या एका लग्नाला तिला बोलावणं आलं तेव्हा तिनं तीच मऊ काढली. मी चिडून विचारलं, का म्हणून? माय धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“कडक काढली तं लोक पुसतीन, मंग पक्कीलेच काहून पानी होतं? लामत्याले गोष्ट जाईन. जाले कितीक वेळ लागते?”

म्हणजे एकदा पातळ केली, ती कायमची पातळ करावी लागली. बाया बोलवायला येईनाशा झाल्या. खालच्या आळीतल्या दुसऱ्या एकीचं नाव झालं. करंजाच्या झाडाखाली गवत वाढलं होतं. मी तिथे जाऊन उभी राहिले आणि माझं मला नकोसं झालं. मी मागितलं होतं ते एका दिवसाचं होतं. तिनं दिलं ते सगळं.

माझा पहिला मुलगा झाला तेव्हा बारशाला माय लामत्याला आली. छोट्या गाडीतून उतरली ती थकलेली दिसत होती. अंगणात मंडप होता, पळसाच्या पानांच्या पत्रावळी मांडल्या होत्या, आत्याबाईची दारू दोन्यांतून फिरत होती. मामाजी नातवाच्या आनंदात होते. मला त्यांची मान वळताना दिसली आणि कळलं की आता ते सांगणार.

“ह्या आमच्या इहीनबाई,” त्यांनी सुरुवात केली. पुढचं सगळं तसंच, सोनूबाई, वाळा, सगळं. माणसं आधीच हसायला लागली होती.

मी बाळाला पाळण्यात ठेवलं. इतके दिवस जे गिळलं होतं ते एकदम वर आलं. पक्की खोटी ठरू दे, मला घालवून देऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे. “मामाजी,” मी म्हटलं, मोठ्यानं. हसणं थांबलं. सुनेचा आवाज असा भर मंडपात यायची सवय नव्हती कुणाला.

माझ्या तोंडून पुढचा शब्द निघायच्या आत माय बोलली.

“हौ इवाईजी,” ती म्हणाली. “हात बिघडला माहा. आंधी जमत होतं, आता नाई जमत.” आणि आत्याबाईकडे दोना पुढे केला. “द्या वो बाई, तुमच्या हातची.” तिनं तो भरलेला दोना घेतला, दोन थेंब भुईला दिले, सगळा प्याली आणि पदरानं ओठ टिपले. “अशी पायजे,” म्हणाली.

आत्याबाईचा चेहरा खुलला. तिनं मायला हात धरून आपल्या शेजारी बसवलं आणि मंद आचेचं, निवत ठेवायचं सगळं सांगायला लागली, जसं नव्या पोरीला सांगतात तसं. माय मान हलवत ऐकत होती. “असं का?” म्हणत होती. मला तिथं उभं राहवेना. कुणीतरी विचारलं, सूनबाई काय म्हणत होती? मी म्हटलं, भात वाढू का?

दुसऱ्या दिवशी तिला गाडीवर पोचवायला मी गेले, बाळाला घेऊन. गाडी उशिरा होती. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी फेऱ्या घालत होते, ती बाकड्यावर बसली होती. शेवटी मी तिच्यापुढे थांबले.

“काहून म्हटलं तसं? काहून पेली तिच्या हातची? मी सांगनार होतो ना!”

“मले समजलं तू सांगनार होती,” ती म्हणाली. “म्हनून तं.”

“पन माय, तुयं नाव…”

“तुले अठी राह्याचं हाय, बाई. मले नाई.”

गाडी आली. तिनं बाळाला माझ्याकडून घेतलं, त्याच्या टाळूचा वास घेतला आणि परत दिलं. डब्यात चढल्यावर खिडकीतून म्हणाली, उन्हात उभी नको राहू. मी गाडी सुटेपर्यंत उन्हातच उभी राहिले. मग घरी आले, कारण स्वयंपाक व्हायचा होता.